पाणंदीतली मोडकी ट्रॉली



उसाच्या नोंदी घ्यायला आमची माणसं गटागटांतून फिरतात तेव्हा क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, पाण्याची सोय हे सगळं लिहून घेतात, आणि सरतेशेवटी ऊस बाहेर काढायची वाट कशी आहे तेही लिहितात. या शेवटच्या रकान्यात पूर्वी ‘ओढ्यात चिखल’, ‘बांध उतरावा लागेल’, ‘वाट अरुंद’ असे शेरे असत. अलीकडे त्यात एका निराळ्या शेऱ्याची भर पडली आहे : ‘वाटेत जुनी ट्रॉली उभी.’ कुठे ट्रॉलीच्या जागी चाकं काढून दगडांवर बसवलेला ट्रॅक्टर असतो, कुठे काचा फुटलेली जीप, कुठे मळणी यंत्राचा सांगाडा, तर कुठे बाभळीच्या बुंध्याला टेकवलेली आणि आता वेलींनी पुरती गुंडाळलेली फटफटी.

मोडली वस्तू टाकून द्यायची आपल्याकडे रीत नाही. नांगराचा फाळ झिजला तरी तो गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवणारी आपली माणसं. ‘कधीतरी उपयोगी पडंल’ हा त्यामागचा विचार, आणि तो वाईट आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण फाळ आढ्याला मावतो आणि ट्रॅक्टर मावत नाही. शिवाय फाळाला सरकारदरबारी नाव-नंबर नसतो. गाडीला असतो, आणि ती गंजून तिची माती झाली तरी कागदावर तो जिवंत राहतो. मोडक्या गाडीमुळे जी भांडणं, जे अपघात आणि ज्या कोर्टकचेऱ्या होतात त्यांचं मूळ बहुतेक वेळा या दोन गोष्टींतच सापडतं.

जागा माझी, गाडी माझी

‘जागा माझी, गाडी माझी, मग कुणाच्या पोटात का दुखावं?’ असा सवाल आम्हाला दर गावात कुणीतरी टाकतोच. सवाल निम्मा बरोबर आहे. आपल्या परड्यात आपली बंद पडलेली गाडी ठेवू नये असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. परदेशांत मात्र तसे नियम आहेत. अमेरिकेत अनेक गावांचे आणि नगरांचे असे कायदे आहेत, की नोंदणी संपलेली, न चालणारी मोटार घराच्या अंगणात रस्त्यावरून दिसेल अशी ठेवली तर नोटीस येते. १९६५ साली तिथे महामार्गांच्या शोभेसाठी एक कायदा झाला. त्यात मोठ्या महामार्गापासून हजार फुटांच्या आत भंगाराचा अड्डा असेल तर तो झाडांनी किंवा कुंपणाने झाकावा अशी तरतूद केली. इंग्लंडात १९७८ च्या कायद्याने उघड्या जागेवर मोटार टाकून देणं हा गुन्हाच ठरवला. तिकडे डोळ्यांना वाईट दिसतं हे कारण पुरतं. आपल्याकडे दिसण्यावरून कुणी नोटीस काढत नाही, आणि काढूही नये असं आमचं मत आहे; शेतकऱ्याच्या परड्यात शेतकऱ्याचं सामान असायचंच.

पण आपल्या जागेतली वस्तू जेव्हा दुसऱ्याच्या जिवाला किंवा आरोग्याला अपाय करते तेव्हा कायदा परड्यातही येतो. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आला आहे. तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारीही असतात हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

उपद्रव म्हटलं की पहिला मान टायरांचा. गोठ्याच्या पत्र्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेले, आणि मोडक्या ट्रॉलीखाली रचलेले. टायर कसाही पडला तरी त्यात पावसाचं पाणी साठतं, आणि डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास गटारीत न जाता नेमका अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्याकडे जातो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. या डासाची अंडी पाण्याच्या कडेला, टायरच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. टायर आतून घासला पाहिजे, नाहीतर तो छपराखाली नेला पाहिजे. सगळ्यात बरं म्हणजे घरातून घालवलाच पाहिजे. २००६ साली चिकुनगुन्याने महाराष्ट्रात माणसांचे सांधे कसे धरले होते ते ज्यांनी भोगलं त्यांना जास्त सांगायला नको. एक मात्र बजावून सांगतो : टायर घालवायचे म्हणून गुऱ्हाळाच्या चुलवाणात घालू नका. तो धूर कढईवरच्या माणसाच्या छातीत जातो.

तोडणी टोळ्यांची गोष्ट याला जोडून आहे. बीड, अहिल्यानगर, जतकडून येणाऱ्या टोळ्यांना गावकरी कोप्या घालायला जी मोकळी जागा दाखवतात ती बहुधा गावाचं भंगार पडलेलीच असते. आई-बाप फडात आणि पोरं गंजक्या पत्र्यावर घसरगुंडी खेळतात. पत्रा लागला की धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि सांगाड्याखाली घोणस निघाली तर त्याहून वाईट. कोप्यांची जागा ठरवताना ती आधी साफ करून घ्यावी, एवढं गावकऱ्यांनी आणि आमच्या गटाच्या माणसांनी मिळून करायला काही अवघड नाही.

पाणंद

आता आमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटात घडलेला प्रकार आहे. गावाचं आणि माणसांचं नाव घेत नाही. दोघा भावांची वाटणी झाली. जमीन, विहिरीच्या पाळ्या, जनावरं, सगळं पंचांनी मांडून दिलं. एक ट्रॉली तेवढी सामाईक राहिली. शेणखत नेताना तिचा आस मोडला आणि ती पाणंदीतच बसली. थोरला म्हणाला, शेवटी तू वापरलीस, तू काढ. धाकटा म्हणाला, निम्मी तुझी, निम्मा खर्च टाक. पावसाळा गेला. ट्रॉलीत घाणेरी उगवली. पलीकडे चौघा सभासदांचा अडसाली ऊस, को ८६०३२, चांगला पोसलेला.

तोडीचा कार्यक्रम लागला, टोळी उतरली, फड तोडायला सुरुवात झाली, आणि ट्रॅक्टर पाणंदीच्या तोंडाशी उभा. शेजाऱ्यांनी ट्रॉली ढकलून बांधाला लावायचं ठरवलं तर दोन्ही भाऊ तेवढ्यापुरते एक झाले : ‘हात लावाल तर चोरीची केस करीन.’ मग मोळ्या डोक्यावरून दोन-अडीचशे पावलं वाहिल्या. टोळीने त्याचे जादा पैसे मागितले, आणि ते मागणं वाजवी होतं. तोडलेला ऊस दीड-दोन दिवस उन्हात पडला.

तोडलेला ऊस पडून राहिला तर काय होतं हे आम्ही सभांतून नेहमी सांगतो, तरी पुन्हा लिहितो. ऊस तोडल्या क्षणापासून वाळू लागतो, म्हणजे काट्यावर वजन कमी भरतं. हे नुकसान थेट त्या सभासदाचं. पण त्याबरोबर उसातली साखरही उलटू लागते, रस आंबतो, आणि उतारा घसरतो. हे नुकसान कुणा एकट्याचं राहत नाही, कारण एफआरपी उताऱ्यावर बांधलेली आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असं आम्ही म्हणतो ते यासाठी. म्हणजे मोडलेल्या आसाची किंमत त्या पाणंदीवर कधी पाऊल न ठेवलेल्या सभासदानेही थोडीथोडी भरली.

चौघांनी पुढे तहसील कचेरीत अर्ज केला, पण केला तो पुढल्या हंगामाच्या तोंडावर. इथे एक कायदा नीट समजून घ्या. मामलेदार न्यायालय अधिनियम, साल १९०६. इंग्रजांच्या वेळचा, पण आजही लागू आहे. शेतात जायच्या वहिवाटीच्या वाटेत कुणी अडथळा केला, किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला, तर या कायद्याच्या ५ व्या कलमाखाली तहसीलदार जागा पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. वकिलाशिवायही अर्ज करता येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज झाला पाहिजे. ‘आज काढंल, उद्या काढंल’ म्हणत, भाऊबंदकीला भिऊन लोक गप्प बसतात आणि सहा महिने निघून जातात. या चौघांच्या बाबतीत मुदतीचाच वाद निघाला आणि तारखा पडू लागल्या. शेवटी गावातल्या जाणत्या मंडळींनी दोघा भावांना एका पारावर बसवलं, ट्रॉली विकली आणि आलेले पैसे सगळ्यांदेखत निम्मे-निम्मे केले. जी रक्कम हातात पडली ती टोळीला दिलेल्या जादा पैशांहून कमी होती.

गावठाणातल्या रस्त्याचं काम याहून सोपं आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, याचं ५३ वं कलम सार्वजनिक रस्त्यांवरचे आणि मोकळ्या जागांवरचे अडथळे व अतिक्रमणं काढण्याचा अधिकार पंचायतीला देतं. पंचायत हलली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमात शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणाराला पंचायतीचा सदस्य होता येत नाही, असलेल्याचं पद जातं. निवडणुकीच्या आधी गावातल्या काही गाड्या रातोरात हलतात त्याचं इंगित हेच असावं. गायरानाबद्दल तर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना बजावलं, आणि महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी जुलैत तसा निर्णयही काढला. तेव्हा ‘गायरानात ठेवलीय, कुणाच्या रानात न्हाई’ हे उत्तर चालायचं नाही.

आपल्या भागात हे समजुतीने होऊ शकतं याचा दाखलाही आहे. सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आणि २००७ साली गृहमंत्री असताना त्यांनीच तंटामुक्त गाव मोहीम आणली. त्या दिवसांत कैक गावांनी कुठल्याही नोटिशीवाचून रस्ते मोकळे केले. कराड शहराने २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळवला. शहराला जमतं ते वाडीला जमू नये असं काही नाही. वाडीत उलट सगळे एकमेकांना ओळखतात. अर्थात ओळखतात म्हणूनच कुणी कुणाला बोलत नाही, हेही तितकंच खरं.

चाकाखालचे दगड

महामार्ग, कराड–विटा, कराड–चिपळूण, कारखान्याकडे येणारे जोडरस्ते. हंगामात या रस्त्यांवर रात्री काय चालतं ते आपण सगळे जाणतो. दोन ट्रॉल्या भरून ट्रॅक्टर निघतो, वाटेत टायर बसतो किंवा हुक तुटतो. चालक ट्रॉलीच्या चाकांना दगड लावतो, ट्रॅक्टर सोडवून घेतो आणि मिस्त्री आणायला जातो. मागे अंधारात उसाची ट्रॉली, दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला ती दिसते तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरलेलं नसतं. आपल्या भागात अशा अपघातात गेलेला माणूस बहुतेक वेळा आपल्यापैकीच कुणाचा तरी असतो.

गाडी रस्त्यात बंद पडणं हा गुन्हा नाही. ती तशीच सोडून जाणं हा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या १२२ व्या कलमात वाहन ‘किंवा ट्रेलर’ धोका होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी सोडून देऊ नये असं म्हटलं आहे. ट्रेलर हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. १२७ व्या कलमाप्रमाणे दहा तासांहून जास्त वेळ वाऱ्यावर सोडलेली गाडी पोलीस ओढून नेऊ शकतात, वाहतुकीला धोका असेल तर ताबडतोब नेऊ शकतात, आणि ओढण्याचा खर्च मालकावर पडतो. रस्ता अडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या २८५ व्या कलमाखाली पाच हजारांपर्यंत दंड आहे. जुन्या दंड संहितेत तो दोनशे रुपये होता. आणि निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर १०६ वं कलम लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्या वेळी ‘आत्ता येतो म्हणून गेलो होतो साहेब’ याला काही किंमत राहत नाही.

ट्रॉली निघून गेल्यावर ते दगड तिथेच राहतात याचा आम्हाला विशेष राग आहे. गाडी निघाली, चालक निघाला, आणि रस्त्याच्या मधोमध दोन धोंडे. पहाटे दूध घालायला जाणाऱ्या पोराच्या पुढच्या चाकाखाली ते येतात. दगड उचलून कडेला टाकायला पाच मिनिटंही लागत नाहीत. लाकडी ओटी ट्रॉलीलाच साखळीने बांधून ठेवावी, म्हणजे दगड शोधावाही लागत नाही आणि विसरूनही राहत नाही. मागे तांबड्या रिफ्लेक्टरची पट्टी उसाच्या वाढ्यांनी झाकणार नाही अशी लावावी, आणि रस्त्यावर उभं राहायची पाळी आलीच तर तो तांबडा त्रिकोण ट्रॉलीपासून चांगला पन्नास-साठ पावलं मागे ठेवावा. ट्रॉलीला टेकवून ठेवला तर त्याचा काय उपयोग?

कागद कुठे अडतो

लोक गाडी का हलवत नाहीत, याची आम्ही बऱ्याच जणांकडे चौकशी केली. आळस हे कारण आम्ही धरलं होतं तितकं मोठं निघालं नाही. घोडं बहुतेक ठिकाणी कागदापाशी अडलेलं असतं.

पहिलं कारण म्हणजे बोजा. ट्रॅक्टर, ट्रक कर्जावर घेतलेला असतो. नोंदणी पुस्तकावर बँकेचं किंवा पतसंस्थेचं तारण चढलेलं असतं. कर्ज काही फिटलेलं नाही, गाडी मात्र संपली. काही वेळा कर्ज फिटून दहा वर्षं झालेली असतात पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ बँकेकडून कुणी आणलाच नाही. बोजा असलेली गाडी भंगारात घालता येत नाही. कर्ज फिटलं असेल तर उद्याच शाखेत जाऊन फॉर्म ३५ आणि ना-हरकत दाखला घ्या. फिटलं नसेल तर बँकेला लेखी कळवा की गाडी निकामी झाली आहे, तिची विक्री करून पैसे कर्जात भरून घ्यावेत. गंजणाऱ्या लोखंडाची किंमत दर पावसाळ्यात उतरते आणि व्याज चढतं. हे गणित बँकेलाही कळतं.

दुसरं कारण वारसांचं. वडील वारले, गाडी त्यांच्याच नावावर. सातबाऱ्यावर वारस लागतात, गाडीचं कुणाच्या ध्यानात येत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून तो आपल्या एम.एच. ५० च्या कराड कार्यालयात द्यायचा. सातारा नोंदणीच्या जुन्या गाड्या एम.एच. ११ च्या, सांगलीकडच्या एम.एच. १० च्या. ज्या कार्यालयाची नोंद त्याच्याशी पत्रव्यवहार, हे आधी बघून घ्या म्हणजे हेलपाटा पडत नाही. बहिणींची संमतीही लागते. ती मागायला संकोच वाटतो म्हणून गाडी पडून राहिली, असंही आम्ही पाहिलं आहे. बहिणीला राखीला बोलावता, तेव्हाच सही मागा.

तिसरं कारण सगळ्यांत धोक्याचं आहे : गाडी विकली, पैसे घेतले, कागद केला नाही. मालकी बदलली की विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच. आपण काय करतो? स्टँप पेपरवर दोन ओळी लिहितो आणि किल्ली देतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात निकाल दिला, की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी नोंदणी पुस्तकावर ज्याचं नाव तोच भरपाईच्या दाव्यात मालक धरला जाईल. तेव्हा सात वर्षांपूर्वी विकलेली जीप तिसऱ्याच जिल्ह्यात कुणाला धडकली तर समन्स तुमच्या उंबऱ्यावर येईल. भंगारवाल्याला दिलेल्या गाडीचंही तेच. सांगाडा वितळला असं आपण समजतो, आणि तिचा नंबर भलत्याच गाडीवर बसून फिरत असतो.

म्हणून गाडी तोडायला दिली की कागदही तोडा. १९८८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत, किंवा जमेल तितक्या लवकर, नोंदणी कार्यालयाला कळवून नोंदणी पुस्तक परत करायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची असते. तोडताना चेसिस नंबर कोरलेला लोखंडाचा तुकडा कापून आपल्या ताब्यात घ्यावा, नंबरपाट्या काढून घ्याव्यात. ज्यांच्याकडे ट्रक किंवा टेम्पो आहेत त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं : १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याप्रमाणे गाडी उभी आहे म्हणून कर आपोआप थांबत नाही. गाडी वापरात नाही, अमुक जागी उभी आहे, असं आगाऊ लेखी कळवावं लागतं. न कळवता चार वर्षं उभा ठेवलेला ट्रक चार वर्षांचा कर घेऊनच भंगारात जातो.

ट्रॅक्टर जप्त होणार का?

एक अफवा इथेच पुसून टाकतो. दहा किंवा पंधरा वर्षं झाली की सरकार ट्रॅक्टर भंगारात घालायला लावणार, असं मोबाइलवर फिरत असतं आणि त्या भीतीने काही सभासदांनी चांगले चालते ट्रॅक्टर पडत्या भावाने विकले. तसं काही नाही. शेतीचा ट्रॅक्टर हा बिगरपरिवहन प्रकारात मोडतो. त्याची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. केंद्रीय मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये तसा खुलासाही केला. पंधरा वर्षांनंतर नोंदणी आपोआप रद्द होण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे तो सरकारी मालकीच्या गाड्यांना. १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे जे पर्यावरणाचे नवे नियम लागू झाले, त्यांतून शेतीचे ट्रॅक्टर, शेतीच्या ट्रॉल्या, कापणी-मळणी यंत्रं आणि पॉवर टिलर वगळले आहेत. जीप, मोटार, ट्रक मात्र वगळलेले नाहीत. त्यांचं आयुष्य संपल्यावर १८० दिवसांत ती नेमलेल्या केंद्रात जमा करायची जबाबदारी मालकावर आहे.

ही नोंदणीकृत तोडणी केंद्रं सप्टेंबर २०२१ च्या नियमांनी सुरू झाली. तिथे गाडी दिली की जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवी गाडी घेतली तर केंद्राच्या नियमाप्रमाणे करात खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत आणि परिवहन वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. गावात येणारा भंगारवाला कदाचित किलोमागे चार पैसे जास्त देईल, पण प्रमाणपत्र देणार नाही. कुठली बाजू जड हे ज्याने त्याने आपल्या गाडीपुरतं तोलावं. जीप आणि ट्रक यांच्या बाबतीत आम्ही तरी प्रमाणपत्राच्या बाजूने आहोत.

बॅटरी आधी काढून घ्या. तिच्यात शिसं आणि आम्ल असतं, आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे ती दुकानदारामार्फत परत गेली पाहिजे; जुन्या बॅटरीचे पैसेही मिळतात. इंजिनातलं काळं तेल डब्यात काढा. ते पाटात सोडलेलं आम्ही पाहिलं आहे, आणि त्या पाटाखालच्या सऱ्यांत कोंब कसे होते तेही पाहिलं आहे.

रस्त्याकडेचं रान भंगार ठेवायला भाड्याने देणाऱ्या सभासदांसाठी दोन शब्द. तो बिगरशेती वापर ठरतो, त्याचा आकार वेगळा आणि अटी वेगळ्या. करार करण्यापूर्वी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडे, चौकशी करून घ्यावी. ओढ्याकाठचं रान असेल तर देऊच नये. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-कोयनेला जो पूर आला त्यात ओढ्यांचं पाणी कसं मागे फुगत गेलं हे आठवा. पुलाच्या मोरीत एक पत्र्याची टपरी किंवा जीपचा सांगाडा आडवा झाला की वरच्या अंगाची सगळी शेतं पाण्याखाली. मामलेदार कायद्यातलं पाण्याच्या प्रवाहाचं कलम तिथेही लागतं, पण पूर आल्यावर कुणी कलम काढून वाचत बसत नाही.

यंदा गट कार्यालयांत या कामासाठी वेगळी वही ठेवली आहे. गाडी कुठे उभी आहे, नंबर काय, कुणाच्या नावावर, बोजा आहे का, मालक हयात आहे का, एवढंच लिहायचं. चीटबॉयला तोंडी सांगितलं तरी तो लिहून घेईल. सांगणाऱ्याचं नाव वहीत घालणार नाही. फॉर्म २९, ३०, ३१ आणि ३५ कार्यालयात मिळतील आणि ते भरून द्यायला आमचा माणूस बाजारच्या दिवशी बसेल. पाणंदीतल्या गाड्या पहिल्यांदा हातात घेणार आहोत, कारण अडसाली उसाची तोड आधी लागते आणि वाट नाही म्हणून कुणाची तोड मागे ढकलावी लागली तर त्याचा राग शेवटी आमच्यावरच निघतो. ज्यांच्या वाटेत सहा महिन्यांच्या आत अडथळा झाला असेल त्यांनी वहीची वाट न पाहता तारीख लिहिलेला अर्ज थेट तहसील कचेरीत द्यावा आणि पोच घ्यावी.

– ऊस विकास विभाग